साठ पावलांवरचा भाऊ

त्या वसंतात हॅन्स गिलफिलनने एका खोडावर गोळी झाडली. खोड अगदी रानटर्कीसारखं दिसत होतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण खरा टर्की त्या खोडाच्या शेजारीच बसला होता आणि गोळीचा आवाज होताच तो पंख फडफडवत ओढ्यापलीकडे निघून गेला. हॅन्सने इकडेतिकडे पाहिलं. कोणी बघितलं नव्हतं. रायफल खांद्याला लावून तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "आज रानात काही नव्हतं."

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला नीट दिसत नसेल तर त्यात लाज कसली, असं परगावचा माणूस म्हणेल. त्याला आमचं टस्करोराचं खोरं माहीत नाही. आमच्याकडे माणसाचे दात गेले, केस गेले, जमीन गेली, तरी त्याचा मान जात नाही. नेम गेला की मात्र त्याला चुलीजवळची खुर्ची देतात, हातात सोलायला बटाटे देतात, आणि मग कोणी त्याला काही विचारत नाही. हॅन्सच्या दोन्ही डोळ्यांत दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरत चाललं होतं. तीन वर्षं त्याने ते सगळ्यांपासून लपवलं. निदान त्याला तसं वाटत होतं.

आणि नेम तरी कोणाचा? हॅन्स गिलफिलनचा! ज्याला तो प्रसंग ठाऊक नाही असं पोर आमच्या खोऱ्यात जन्मायचं आहे.

सतराशे पंचाहत्तर साली, बॉस्टनकडे इंग्रज राजाच्या शिपायांशी जुंपल्याची बातमी डोंगर ओलांडून आमच्याकडे आली, तेव्हा वसाहतींच्या काँग्रेसने सरहद्दीवरचे रायफलवाले बोलावले. आमच्या कप्तानाला ऐंशी माणसं हवी होती. जमली दोनशे. कोणाला नाही म्हणायचं? ज्याला नाही म्हणावं त्याचा बाप, चुलता आणि मेहुणा उद्या दारात भांडायला उभे. कप्तान मोठा धोरणी माणूस. त्याने कोळशाने एका फळीवर माणसाचं नाक काढलं, फळी गिरणीच्या भिंतीला ठोकली आणि म्हणाला, "ज्यांच्या गोळ्या नाकाच्या सर्वांत जवळ लागतील ते ऐंशी माझे. बाकीच्यांनी घरी जाऊन गवत कापावं."

हॅन्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याने साठ पावलांवरून उजवी नाकपुडी उडवली. त्याचा धाकटा भाऊ ॲलिक एकोणीसचा. त्याने गोळी झाडली ती नाक सोडून फळीच्या काठाला लागली.

"कप्तान, माझ्या भावाचं काय?" हॅन्सने विचारलं.

"तुझ्या भावाने कान उडवलाय. मला राजाच्या शिपायांचे कान नकोत."

ॲलिक मान खाली घालून उभा होता. लहानपणापासून तो असाच. भावाच्या मागे दोन पावलं, आणि तोंडातून शब्द निघेल तर शपथ. हॅन्सला काय वाटलं कोण जाणे. त्याने दुसरी एक फळी उचलली, वीतभर रुंद, हातभर लांब. तिच्यावर कोळशाचा ठिपका काढला आणि ॲलिकच्या हातात दिली.

"जा. गुडघ्यांत धर."

ॲलिकने एकदा भावाकडे पाहिलं. मग तो मोठमोठी पावलं टाकत, मोठ्याने मोजत, कुरणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. साठ झाल्यावर वळला, फळी गुडघ्यांत धरली आणि हात मागे बांधून उभा राहिला. कप्तान "थांब!" म्हणेपर्यंत गोळी सुटली होती. ठिपक्याच्या जागी भोक पडलं होतं आणि ॲलिक जिथे होता तिथेच होता. त्याने ना पाय हलवला ना पापणी.

कप्तानाने दोघा भावांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नेम धरणारे मला ऐंशी मिळाले. असा उभा राहणारा एकच मिळाला. लिहा त्याचंही नाव."

अशी ॲलिक गिलफिलनला फौजेत जागा मिळाली. गोळी मारून नाही, उभं राहून.

मग ते चालत निघाले. अक्रोडाच्या सालीत रंगवलेले, झालरी लावलेले तागाचे सदरे, पायात हरणाच्या कातड्याचे जोडे, कमरेला कुऱ्हाड. पाचशे मैल. वाटेत ज्या ज्या गावात मुक्काम पडे तिथे लोक म्हणत, "ते दोघे भाऊ कोणते? दाखवा ना!" आणि फळीचा खेळ पुन्हा करून दाखवावा लागे. लँकेस्टरला बायकांनी तोंडं हातांनी झाकली आणि बोटांच्या फटीतून सगळं बघितलं. एका जर्मन पाववाल्याने ॲलिकला अख्खी टोपली बहाल केली. हॅन्सला त्यातला एक पाव मिळाला, तोही ॲलिकने दिला म्हणून. पुढे बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या छावणीत पोहोचल्यावर तिथल्या न्यू इंग्लंडवाल्यांनी त्यांना खंदक खणायला सांगितलं. तेव्हा आमचे लोक म्हणाले, "आम्ही गोळ्या झाडायला आलोय, बटाटे काढायला नाही." त्यावरून मोठा दंगा झाला, दंड झाला, वरिष्ठ तांबडेलाल झाले. सगळे हाताची घडी घालून बसले असताना एकटा ॲलिक गुपचूप जाऊन खणत होता. हॅन्सने त्याला त्यावरून वर्षभर चिडवलं.

त्यानंतरची लाँग आयलंडची लढाई, माघार, थंडी, ज्यांना वाटेत पुरलं ती माणसं, याबद्दल दोघे भाऊ फारसं बोलत नसत. बोलत ते पहिल्या उन्हाळ्याबद्दल. तेव्हा कोणी मेलं नव्हतं, जोडे नवे होते आणि प्रत्येक गाव त्यांची वाट बघत होतं.

लढाई संपली आणि दोघे परत आले. तेव्हापासून दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, कुरणावर फळीचा खेळ व्हायचाच. पाद्री प्रार्थना म्हणणार, कोणीतरी लांबलचक भाषण करणार, मग ॲलिक फळी घेऊन निघणार. साठ पावलं तोच मोजायचा. तो मान त्याचा. वर्षं गेली. हॅन्सला मुलं झाली, नातवंडं झाली, शेत वाढलं. ॲलिकची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि त्याने पुन्हा लग्न केलं नाही. ओढ्यावरच्या खोपटात तो एकटा राहायचा, लोकांच्या खुर्च्या विणून द्यायचा. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस त्याच्याकडे कोणी वळून बघत नसे. उरलेल्या एका दिवशी सगळं खोरं त्याच्याकडे बघत असे.

अठराशे पंचवीस साली त्या पहिल्या फळीला पन्नास वर्षं झाली. मे महिन्यात कप्तान डनवुडी हॅन्सच्या दारात आला. हा हल्लीचा कप्तान. टोपीत पीस, छातीवर बटणं, आणि बंदूक साफ करायला नोकर. पण पोरगा मनाचा चांगला.

"हॅन्सकाका, यंदा कार्लाइल शहराहून लोक येणार आहेत. वर्तमानपत्रवालेसुद्धा. फळी व्हायलाच हवी."

"ॲलिकला विचारलंस?"

"तिकडूनच येतोय. तो तर आत्ताच सदरा वाळत घालून बसलाय!"

हॅन्स काय बोलणार? हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको जेनेट दही घुसळत असताना तिला मागच्या कुंपणाकडून गोळ्यांचे आवाज आले. एकामागून एक सात. ती एप्रनला हात पुसत तिकडे गेली. हॅन्स कुंपणाला टेकवलेल्या फळीसमोर वाकून उभा होता आणि बोटाने भोकं चाचपत होता. भोकं तीनच होती. बाकीच्या चार गोळ्या कुठे गेल्या हे कुंपणाच्या दांड्यांकडे बघून कळत होतं. एक तर हातभर खाली लागली होती.

"गिलफिलन," जेनेट म्हणाली. ती नवऱ्याला आडनावाने हाक मारायची तेव्हा घरातलं कुत्रंसुद्धा खाटेखाली जायचं. "हे कधीपासून?"

"वारा आहे आज."

"वारा! झाडाचं पान हलत नाहीये. माझ्या तोंडाकडे बघ आणि सांग, माझ्या टोपीला फीत कुठल्या रंगाची आहे?"

हॅन्सने डोळे बारीक केले. "निळी."

"फीतच नाहीये, म्हाताऱ्या."

तो कुंपणावर बसला. तीही शेजारी बसली. चाळीस वर्षांचा संसार. ओरडायचं कधी आणि बसायचं कधी हे तिला कळत होतं.

"ॲलिकला सांग," ती म्हणाली.

"कसं सांगू? त्याला दुसरं काय आहे?"

"त्याला दोन गुडघे आहेत. आणि गुडघ्यांच्या वर पोट आहे. हातभर वर लागली तर भाऊ उरणार नाही आणि हातभर खाली लागली तर पाय उरणार नाही. तुला लाज वाटते म्हणून त्याने मरायचं का?"

हे तिने अगदी शांतपणे विचारलं. त्यामुळे ते जास्तच लागलं.

हॅन्स त्याच दुपारी ओढ्यावर गेला. वाटेत त्याने वाक्य जुळवलं होतं: ॲलिक, यंदा फळी नको, मला दिसत नाही. सात-आठ शब्द. खोपटासमोर ॲलिक ऊन खात बसला होता आणि मांडीवर तो सदरा होता. पन्नास वर्षांपूर्वीचा. कोपरांना ठिगळं लावून त्याने तो पुन्हा अक्रोडाच्या सालीत रंगवला होता. बोटं काळी झाली होती.

"बघ," ॲलिक म्हणाला, "गळ्याला जरा घट्ट होतो, पण होतो. तुझा कुठे आहे?"

"उंदरांनी खाल्ला."

"तुझं कायमचं असंच. घे, ताक पी." त्याने मडकं पुढे केलं. "हॅन्स, लँकेस्टरची ती पाववाल्याची टोपली आठवते?"

"एकच पाव दिलास मला."

"दोन दिले होते! खोटारड्या." ॲलिक हसला. मग सदऱ्याच्या झालरी सारख्या करत म्हणाला, "त्या दिवशी मी नाव विचारलं नव्हतं कोणाला, पण सगळ्यांनी मला माझं नाव विचारलं. त्याआधी मी नुसता हॅन्सचा भाऊ होतो."

हॅन्सने ताक संपवलं. जुळवलेले सात-आठ शब्द पोटात ठेवूनच तो घरी परतला. जेनेटने त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. त्या आठवड्यात त्याच्या ताटात मक्याची लापशी रोज करपलेली होती.

चार जुलैला कुरणावर इतकी माणसं जमली की गाड्या ओढ्यापलीकडे सोडाव्या लागल्या. भाजलेलं डुक्कर, व्हिस्कीचे रांजण, मुलांची भांडणं, सगळं यथास्थित. पाद्र्याची प्रार्थना लांबली, कार्लाइलच्या वकिलाचं भाषण त्याहून लांबलं. त्याने 'स्वातंत्र्य' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की म्हाताऱ्या शिपायांना झोप लागली. मग डनवुडीने तलवार उपसली आणि ओरडला, "गिलफिलन बंधू!"

ॲलिक पुढे आला. तपकिरी सदरा, पांढरे केस, हातात पॉप्लरच्या लाकडाची फळी. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्याचा चेहरा एकोणीस वर्षांच्या पोरासारखा दिसला, असं जवळ उभ्या असलेल्यांनी नंतर सांगितलं. हॅन्सला तो दिसला नाही. त्याला एक तपकिरी डाग दिसला.

"एक! दोन! तीन!" ॲलिक मोजत निघाला.

हॅन्सने रायफल भरायला घेतली. दारू मापून ओतली, चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीवर गोळी ठेवली, गजाने खाली दाबली. डोळे आंधळे झाले तरी हे हात एवढं करतील. कान मात्र मोजणीकडे होते. ॲलिकचा आवाज साठ म्हणाला आणि हॅन्स चमकला. आवाज फार जवळून आला होता. साठ पावलांवरून हाक मारली की ती कशी येते हे त्याला पन्नास वर्षं माहीत होतं. ही पस्तीसची होती. फार तर चाळीसची.

त्याला आठवलं, गेल्या वर्षीही आवाज जरा जवळचा वाटला होता. त्याआधीच्या वर्षीही. तेव्हा त्याला वाटलं होतं, वारा आहे.

ॲलिकला माहीत होतं. तीन वर्षं. तो पावलं लहान टाकत होता, तोंडाने साठ मोजत होता, आणि तरीही येऊन उभा राहत होता.

हॅन्सने रायफल खांद्याला लावली. नळीच्या टोकाची खूण दिसेना, फळी दिसेना, फळी कुठे संपते आणि भाऊ कुठे सुरू होतो तेही दिसेना. पस्तीस पावलांवर लागेलही कदाचित. सातातल्या तीन साठ पावलांवर लागल्या होत्या. इतकी माणसं बघतायत. एकदाच. ही एकदा लागली की पुढच्या वर्षी काहीतरी कारण सांगता येईल.

त्याने रायफल खाली केली.

"मला फळी दिसत नाही," तो मोठ्याने म्हणाला. आवाज चिरका निघाला म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, "ऐकलंत सगळ्यांनी? हॅन्स गिलफिलनला फळी दिसत नाही. तीन वर्षं नीट दिसत नाही."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पलीकडून ॲलिक फळी काखेत मारून ताडताड चालत आला.

"झाडली का नाहीस?"

"तुला माहीत होतं."

"मग? मी जवळ आलो होतो ना! पुढच्या वर्षी आणखी पंधरा पावलं आलो असतो. वीस पावलांवर तर तुला बैलही मारता आला असता."

"आणि तुला लागली असती तर?"

"तर लागली असती!" ॲलिकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो रागाने लाल झाला होता. "माझा दिवस होता हा, हॅन्स. वर्षातला एक. तुला शेत आहे, जेनेट आहे, पोरं आहेत. मला उभं राहता येतं. एवढंच येतं मला. आणि तेही तू काढून घेतलंस, तेसुद्धा या वकिलासमोर!"

ॲलिक खरं बोलत होता. म्हणून हॅन्सने जे सुचलं ते केलं. भरलेली रायफल ॲलिकच्या हातात दिली आणि त्याच्या काखेतली फळी काढून घेतली.

"तुझे डोळे चांगले आहेत. तू झाड. मी उभा राहतो."

"गिलफिलन!" जेनेट गर्दीतून ओरडली.

"गप्प बस, बाई. पन्नास वर्षं तो उभा राहिला."

हॅन्स चालत गेला. वीस पावलं मोजली, तीही बेताची. वळला, फळी गुडघ्यांत धरली, हात मागे बांधले. हे त्याने हजारदा बघितलं होतं. त्यात काय आहे, असंच त्याला आजवर वाटत आलं होतं. अवघड काम आपलं, आणि ॲलिकचं नुसतं थांबायचं.

ॲलिकने रायफल उचलली. हॅन्सला भावाचा चेहरा दिसत नव्हता. पण वीस पावलांवरून नळीचं तोंड त्याच्या फुटक्या डोळ्यांनाही दिसलं. एक काळा गोल ठिपका, थेट त्याच्याकडे वळलेला. आधी तोंड कोरडं पडलं. मग पोटऱ्या थरथरायला लागल्या. त्याने दात आवळले, नखं तळहातात रुतवली. गुडघे ऐकेनात. ते एकमेकांवर आपटायला लागले, फळी डावीकडे कलली, आणि ॲलिकने चापाला बोट लावायच्या आतच फळी गवतात पडली.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उचलून धरली तेव्हाही ती पडली.

आता मात्र लोक हसले. आधी म्हातारे शिपाई, मग सगळं कुरण. ॲलिकने रायफल आकाशाकडे करून झाडून टाकली आणि तोही हसत, डोळे पुसत भावाजवळ आला. हॅन्स गवतात बसला होता. त्याला उठता येत नव्हतं. तो हसत नव्हता. म्हातारा हुंदके देऊन रडत होता, सगळ्या खोऱ्यादेखत.

"अरे, काय झालं? मी झाडली नाही ना!"

हॅन्सने त्याचा काळ्या बोटांचा हात धरला.

"कसा उभा राहिलास रे? सांग मला. दर वर्षी, गावोगाव... मी मूर्ख, मला वाटायचं सगळं माझ्या नेमावर चाललंय. कसा उभा राहिलास?"

हा प्रश्न ॲलिकला कोणी कधी विचारला नव्हता. पाववाल्यानेही नाही, कप्तानानेही नाही. तो भावाशेजारी गवतात बसला.

"पाय माझेही थरथरायचे," तो म्हणाला. "पण समोर तू असायचास ना."